चढत्याला वाट

आमच्या घरात एक वाक्य होतं, ते आज्याचं. मिरग लागला, डोंगरावरचं पहिलं पाणी खाडीला मिळालं आणि खाडी तांबडी झाली, की आजा ओटीवर बसून ते म्हणायचा, "चरत्याला वाट द्याची, उतरत्याला धराचा." चरत्याला म्हणजे चढत्याला. आमच्या आगरी बोलीत जड अक्षरं जिभेवरून घसरून हलकी होतात. होडीची होरी होते आणि जाळ्याचं जालं.

आमचं गाव अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटात, पोयनाडच्या खालच्या अंगाला, धरमतरच्या खाडीला लागून. एका हाताला भातशेती, दुसऱ्या हाताला खारं पाणी, आणि मधे बांध. शेतातलं पावसाचं पाणी सोडायला बांधाला उघाडी. आम्ही शेतकरीही होतो आणि मासे मारणारेही. कोळ्यांसारखे खोल समुद्रात जात नसू, पण खाडीत आमची भोकसी असायची. दोन खुंटांमधे बांधलेलं पिशवीसारखं जाळं. पाणी ओसरायला लागलं की त्याचं तोंड भरतं आणि कोळंबी, मांदेली, बोईट असं जे उतरतं ते शेवटच्या टोकाशी गोळा होतं. सुकती संपली की उपसायचं. घरचं भागलं की उरलेलं आई पाटीत घालून बाजाराला न्यायची.

आज्याचं वाक्य भोकसीबद्दल नव्हतं. ते पाल्याबद्दल आणि भिंगाबद्दल होतं. हे दोन्ही मासे चपटे, रुपेरी, काटेरी आणि चवीला असे की काट्यांचा राग येत नाही. युरोपात ज्याला हेरिंग म्हणतात त्याच्याच कुळातले. तारली आणि पेडवे हेही त्याच भाऊबंदकीतले. पण तारली समुद्रातच जन्मते आणि समुद्रातच मरते. पाल्याची रीत वेगळी. तो वाढतो समुद्रात, आणि अंडी घालायला पावसाच्या गोड्या पाण्याचा माग काढत खाडीतून नदीकडे चढतो. बंगालात त्यालाच इलिश म्हणतात, सिंधमध्ये पल्ला. सिंधी लोकांचा झुलेलाल ज्या माशावर बसलेला दाखवतात, तो हाच.

तर मिरगाच्या उधाणाला तो आमच्या खाडीत चढायचा, भिंगही त्याच्या आगेमागे यायचं, आणि मादीचं पोट गाबोळीनं टच्च भरलेलं असायचं. अशा वेळी भरतीला खाडीत आडवं जाळं लावलं तर दोन तासांत जे मिळतं ते भोकसीत महिनाभरात मिळत नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. आजा मात्र ते दोन-तीन दिवस भरतीला जाळं पाण्यात घालू द्यायचा नाही. एकदा मी विचारलं, का नाही? तो म्हणाला, "पोरगी बालतपनाला माहेरी येते. तिला कोन दारान अरवतान काय?"

मला तेव्हा हे फार सुंदर वाटलं. पुढे मला त्याची किंमत कळली. म्हणजे खरोखरची, रुपये-आण्यांतली किंमत.

१९७४ साल. तेव्हा जिल्ह्याचं नाव अजून कुलाबा होतं. मी अकरावी पास झालो होतो आणि अलिबागच्या कॉलेजात जायचं ठरत होतं. आदल्या पावसात आमच्या बाजूच्या बांधाला खांड पडली होती. खारं पाणी शेतात शिरलं आणि आवणाची रोपं जागच्या जागी करपली. घरात विकण्यासारखं काही उरलं नव्हतं. आजा जाऊन दोन वर्षं झाली होती. फी भरायची मुदत जूनच्या तिसऱ्या आठवड्यात होती आणि बाबा दोन घरी मागून रिकाम्या हातानं परतले होते.

त्या अमावास्येच्या उधाणाला बाबांनी मामाकडून मोठ्या आसाचं जाळं मागून आणलं. आई म्हणाली, "आज्यानी सांगलेलं इसरलाव?" बाबा काही वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आज्यानी फी भरली नसती." एवढंच. मी आणि माझा धाकटा भाऊ कंदील घेऊन बरोबर गेलो. तो तेव्हा बारा वर्षांचा होता.

भरती चढत होती. जाळं आडवं घातलं आणि अर्ध्या तासात त्याचा वरचा दोर पाण्याखाली जायला लागला. ओढताना माझे हात कापत होते. कंदिलाच्या उजेडात ते मासे अंगणात पालथी घातलेली पितळी भांडी लखलखावीत तसे लखलखत होते. जवळजवळ सगळ्या माद्या. जाळ्यातून सोडवताना हाताच्या दाबानं त्यांच्या पोटातून गाबोळी बाहेर येत होती आणि आमची बोटं चिकट होत होती. भाऊ हसत होता. बाबा हसत नव्हते.

सकाळी दोन पाट्या पोयनाडच्या बाजारात गेल्या. फी भरली गेली, दोन पुस्तकं आली, एक पायजमा आला. मी शिकलो, पुढे मास्तर झालो, पेन्शनही घेतो. धाकट्यासाठी तशी रात्र पुन्हा आली नाही. दोन वर्षांनी त्याची शाळा सुटली आणि तो होडीवर गेला.

या गोष्टीला आता पन्नास वर्षं होऊन गेली. आमच्या खाडीत पाला चढत नाही म्हटलं तरी चालेल; भिंग कुठे एखादं मिळालं तर त्याची बातमी होते. आणि मला अधूनमधून एक प्रश्न छळतो. त्या रात्री आम्ही चूक केली का?

सोपं उत्तर असं की दोन पाट्यांनी खाडी रिकामी होत नाही. हे खरंच आहे. नदीवर बंधारे आले, वरच्या अंगाला कारखाने आले, खाडीत गाळ आला, बार्जांची ये-जा वाढली. चढणाऱ्या माशाला गोड्या पाण्याचा वास लागतो तेव्हा तो चढतो. त्या वासातच भलतं काही मिसळलं तर त्यानं काय करावं? गंगेवर १९७५ मध्ये फराक्का बंधारा सुरू झाला. त्याआधी हिल्सा पार अलाहाबादच्याही वर जायचा. नंतर वरचे कोळी त्याला विसरून गेले. तिथे कुणा गरिबानं एका रात्री जाळं आडवं टाकलं म्हणून तसं झालं नाही. मोठे दरवाजे मोठ्या लोकांनी बंद केले.

समुद्राचं स्वतःचंही एक मन असतं. केरळात तारलीचं उत्पन्न २०१२ मध्ये चार लाख टनांच्या घरात होतं, आणि २०२१ मध्ये ते साडेतीन हजार टनांच्याही खाली आलं. त्यात पिल्लं मारण्याचा वाटा आहे, तसा तापलेल्या पाण्याचा आणि बदललेल्या वाऱ्यांचाही आहे. तारली याआधीही अशी येत-जात राहिली आहे. तेव्हा सगळा दोष जाळ्यावर टाकणं हा अडाणीपणा होईल, आणि तो बहुधा शहरात बसून केला जातो.

पण माझा प्रश्न खाडी का रिकामी झाली हा नाही. त्याची उत्तरं शास्त्रज्ञ देतील. माझा प्रश्न हाताचा आहे. आपला एक हात थांबल्यानं काही फरक पडत नाही हे माहीत असताना तो थांबवावा का?

माझा भाऊ याचं उत्तर फार स्वच्छ देतो. तो चाळीस वर्षं समुद्रावर होता, रेवस-बोडणीच्या होड्यांवर खलाशी, मग एका होडीत भागीदार. तो म्हणतो, "दादा, आपन सोरला तं दुसरा नेनार. मंग आपनच कनाला सोराचा?" त्याच्या डोळ्यांदेखत हे घडलं आहे. मोठ्या पर्ससीन बोटी आल्या, थवाच्या थवा घेरून उचलायला लागल्या. रात्री समुद्रावर दिव्यांची जत्रा भरायला लागली. पर्ससीनवर सरकारनं ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशानं निर्बंध घातले, दिवे लावून मासे मारायला केंद्रानं २०१७ मध्ये मनाई केली. कागदावर सगळं आहे. पण जो कायदा पाळतो तो त्या रात्री रिकाम्या हातानं येतो आणि न पाळणाऱ्याची पाटी भरते, हे ज्यानं पाहिलं त्याला संयमाचं व्याख्यान कोणत्या तोंडानं द्यायचं?

त्याचा दुसराही एक मुद्दा असतो. "एकाच्या पोटान लाखांनी अंडी. एक जगला तरी पुरं." हा मुद्दा मला बरीच वर्षं निरुत्तर करायचा. मोठ्या मादीच्या पोटात दहा-वीस लाखांपर्यंत अंडी असतात, हे खरं आहे. मग मी एकदा बसून साधा हिशोब मांडला. मासे जर दर वर्षी तेवढेच राहायचे असतील, वाढतही नाहीत आणि घटतही नाहीत, तर एका नर-मादीच्या जोडीमागे आयुष्यभरात सरासरी किती पोरं मोठी होऊन परत चढायला पाहिजेत? दोनच. बाकी सगळी समुद्र खातो. लाखांची अंडी ही श्रीमंती नाही. इतका मोठा कर भरावा लागतो म्हणून ती लाखांत आहेत. आणि जी मादी पोट भरून आमच्या खाडीच्या तोंडाशी आली, ती त्या लाखांतून वाचलेली असते. समुद्रानं आपला वाटा आधीच घेतलेला आहे. आम्ही दारात उभे राहून जे उचलतो ते उरलेल्या दोनातलं असतं. आज्याला हा हिशोब येत नव्हता. पण "दारान अरवतान काय" यात तो सगळा होता.

तरीही बाबांना दोषी धरायला माझं मन तयार होत नाही. ज्या ताटातलं मी खाल्लं त्या ताटाला नावं ठेवणं बरं नव्हे, एवढंच त्याचं कारण नाही. भुकेल्याकडून भविष्याची राखण मागणं यातच काही अन्याय आहे. जन्माला न आलेल्या माशाचा आणि न जन्मलेल्या नातवाचा हक्क असतो हे मी मानतो. पण तो हक्क सांभाळायचा खर्च कुणी करायचा? ज्याच्या घरात उद्याची फी नाही त्यानंच?

बांगलादेशात या प्रश्नाला एक व्यवहारी उत्तर दिलेलं आहे. तिथे इलिशच्या विणीच्या दिवसांत, ऑक्टोबरच्या सुमाराला, बावीस दिवस मासेमारी बंद असते. लहान इलिश धरायलाही बरेच महिने मनाई असते, आणि त्या काळात कोळ्यांच्या घरी सरकार तांदूळ देतं. तो पुरत नाही, वेळेवर पोचत नाही, अशी तक्रार तिथेही असते. पण तत्त्व सरळ आहे. मासा वाचावा असं सगळ्यांना वाटत असेल तर तो वाचवण्याची उपासमार एकट्याच्या पदरात टाकू नये. तिथलं इलिशचं उत्पन्न या शतकाच्या सुरुवातीला दोन लाख टनांच्या आसपास होतं, ते नंतर पाच लाखांच्या वर गेलं.

तिकडे युरोपातल्या उत्तर समुद्रात १९६० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत इंजिनाच्या बोटींनी हेरिंग इतका उपसला की १९७७ मध्ये तो धरायलाच बंदी घालावी लागली. काही वर्षं बंद राहिलं, मग हळूहळू उघडलं, आणि मासा परत आला. आला, कारण बंदी एका गावाची किंवा एका देशाची नव्हती. आपल्याकडे यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस बंदी असते; खाडीतल्या बिनइंजिनाच्या होडीला ती लागू नाही. ते योग्यच आहे, नाहीतर गरिबानं पावसात खायचं काय? पण त्यामुळे आमच्या खाडीत मिरगाच्या उधाणाला काय करायचं, हे कोणताही कायदा सांगत नाही. ते आज्याच्या वाक्यावर सोडलेलं आहे.

आणि इथे मला आज्याची दुसरी गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्याशिवाय त्याचं वाक्य नुसतं भाबडं वाटेल.

आजा चरीच्या संपातला. आमच्या भागात हे सांगायला तारीख लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. १९३३ मध्ये खारेपाटातल्या पंचवीस गावांच्या कुळांनी खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत असं ठरवलं. पुढारी नारायण नागू पाटील. संप चालला १९३९ पर्यंत. सहा पावसाळे शेतात नांगर गेला नाही. आजी सांगायची, पाऊस पडून शेत तयार असायचं, मातीचा वास यायचा, आणि पुरुष ओटीवर हात बांधून बसायचे. तो वास सहन व्हायचा नाही. मग खायचं काय? डोंगरावरून मोळ्या आणायच्या आणि खाडीत उतरायचं. निवटे, चिंबोऱ्या, कालवं, जे हाताला लागेल ते. आजा म्हणायचा, "संपान आमाला हिनीच पोसला." हिनी म्हणजे खाडीनं.

आता मला वाटतं, "आपण सोडलं तर दुसरा नेणार" या वाक्याचं उत्तर आज्याला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. ते त्यानं सहा वर्षं उपाशी राहून दिलेलं होतं. त्या संपातही प्रत्येकाला तेच वाटू शकलं असतं. मी नाही कसलं तर शेजारी कसेल, खोत त्याला जमीन देईल, मी दोन्हीकडून बुडेन. आणि एकाचा जरी नांगर पडला असता तरी तो हिशोब खरा ठरला असता. तो खरा ठरला नाही, कारण शेजारीही हात बांधून बसला होता आणि आपला शेजारी बसलेला आहे हे प्रत्येकाला आपल्या ओटीवरून दिसत होतं. एकट्याचा संयम म्हणजे उपास. पंचवीस गावांचा संयम म्हणजे संप. पुढे कुळकायदा आला तो त्याच रस्त्यानं.

पण त्या पंचवीस गावांतही कुणीतरी पहिला होताच ना? दुसरा बसेल की नाही याची खात्री नसताना हात बांधून बसणारा? त्याचा संयम त्या क्षणी निरुपयोगीच होता. तो निरुपयोगी राहिला नाही, एवढंच. इथे माझा विचार थांबतो. माझा एक हात थांबल्यानं मासा वाचत नाही, हे मी भावाचं कबूल करतो. पण माझा हात थांबलेला दिसल्याशिवाय दुसऱ्याचा थांबणार नाही, हेही तितकंच खरं आहे.

गेल्या जूनमध्ये अलिबागच्या बाजारात गेलो होतो. एका बाईच्या पाटीत तीन भिंगं होती. ती म्हणाली, "मास्तर, गाबोलीवाला देव का? दोनशे जास्ती लागतील." मी म्हटलं, गाबोळीवालं नको. ती हसली. "तू नाय घेतलास तं ता काय जिता होनाराय?" तिचं म्हणणं बरोबर होतं. मी काहीच न घेता निघालो, आणि निघताना मला स्वतःचाच थोडा राग आला, कारण तिची त्या दिवशीची कमाई त्या तीन भिंगांवर होती. बाजारातला संयम फार उशिराचा असतो. आणि पेन्शनवाल्याचा तर फार स्वस्त.

त्याच संध्याकाळी भावाकडे गेलो. आता तो समुद्रावर जात नाही. गावच्या खाडीत होडी आणि दोन जाळी ठेवून आहे. मी त्याला विचारलं, या उधाणाचे दोन दिवस भरतीला जाळं नाही घातलंस तर? तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "आपल्या आंगाला सात जनांची जाली हान. मी नाय टाकली तं सा जन टाकनार."

"त्यांना विचारू."

"तू इचार. तू मास्तर हायेस."

मी विचारलं. देवळाच्या पायरीवर बसून आज्याची गोष्ट सांगितली, दोनाचा हिशोबही सांगितला. एकानं तोंडावर सांगितलं की मुलीचं लग्न आहे, यंदा जमणार नाही. मला त्याला काहीच म्हणता आलं नाही. मला बाबा आठवले. दुसरा बघू म्हणाला. चौघं हो म्हणाले. त्यांतले किती थांबले ते मी मोजायला गेलो नाही.

भरपाई म्हणून मी भावापुढे दोन दिवसांचे पैसे धरले. तांदळासारखंच, तत्त्व तेच. त्यानं ते घेतले नाहीत. म्हणाला, "ठेव तुज्याकरं. त्या रातीचा मी पन धरलेला कंदील."

दोन्ही दिवस भरतीच्या वेळेला आम्ही बांधावर बसून होतो, उघाडीच्या बाजूला. खाली पाणी चढत होतं. तांबडं, फेसाळ. पलीकडच्या अंगाला लग्नवाल्याच्या जाळ्याचे बोये हलत होते. भाऊ विडी ओढत होता. एकदा पाण्यात मधेच काहीतरी चमकलं आणि दोघंही एकदम पुढे वाकलो. बोईट असेल, तो म्हणाला. असेलही.